आदिवासी भागातील रुग्णालयात आपत्कालीन सेवेची क्षमता कशी वाढवावी

धडगाव, धारणी, जव्हार, भामरागड, एटापल्ली अशा तालुक्यांतील रुग्णालयांविषयी बैठक झाली की चर्चा बहुतेक वेळा खाटांवर येऊन थांबते. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाचे पन्नास खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयात श्रेणीवर्धन होते, नवी इमारत उभी राहते, फलक बदलतो. पण मण्यार चावलेला मुलगा रात्री दोन वाजता दारात आला तर त्याचा श्वास कोण चालू ठेवणार, या प्रश्नाचे उत्तर कित्येक ठिकाणी पूर्वीचेच राहते, ते म्हणजे ‘वर पाठवा’. ‘वर’ म्हणजे शंभर-दीडशे किलोमीटर, घाटाचा रस्ता आणि पावसाळ्यात मध्ये कुठेतरी भरलेली नदी. म्हणून या लेखात क्षमता हा शब्द एकाच अर्थाने वापरला आहे: कोणत्याही दिवशी, कोणत्याही प्रहरी आलेल्या रुग्णावर पहिल्या तासात या रुग्णालयाला स्वतःच्या बळावर काय करता येते. खाटा त्यानंतर येतात. वैद्यकीय अधीक्षक, तालुका आरोग्य अधिकारी, रुग्ण कल्याण समितीचे सदस्य आणि आदिवासी भागात रुग्णालय चालवणाऱ्या संस्था यांना हे काम कोणत्या क्रमाने हाती घेता येईल, ते पुढे मांडले आहे.

पायरी पहिली: आज काय घडते आहे ते मोजा

मागणीपत्र लिहिण्यापूर्वी किमान एक महिना आपत्कालीन नोंदवही नीट ठेवावी. प्रत्येक रुग्णासाठी पाच गोष्टी पुरेशा आहेत: कोणत्या पाड्यावरून आला, त्रास केव्हा सुरू झाला, दारात केव्हा पोहोचला, पहिला उपचार केव्हा मिळाला आणि शेवटी काय झाले, म्हणजे बरा होऊन गेला, दाखल झाला, पुढे पाठवला, न सांगता निघून गेला की दगावला. वेळ ही घड्याळात पाहून त्याच क्षणी लिहायची असते. पाळी संपताना आठवून लिहिलेल्या वेळा कामाच्या नसतात. ‘न सांगता निघून गेला’ हा रकाना वगळण्याचा मोह होतो, परंतु आदिवासी भागात रुग्णालयाविषयी सर्वाधिक माहिती देणारा रकाना तोच आहे.

जागा किती लागतील याचा हिशेब सोपा आहे. तासाला सरासरी येणारे रुग्ण आणि प्रत्येकाचा आपत्कालीन कक्षातील सरासरी मुक्काम यांचा गुणाकार केला की एका वेळी भरलेल्या जागांची सरासरी मिळते. समजा, दिवसाला ३६ रुग्ण येतात, म्हणजे तासाला दीड, आणि प्रत्येक जण सरासरी ४ तास थांबतो; तर एका वेळी ६ जागा भरलेल्या असतील. हाच मुक्काम ३ तासांवर आणला तर साडेचार जागा पुरतील, म्हणजे एक वीटही न रचता क्षमता वाढली. मुक्काम लांबतो तो बहुधा तपासणीचा अहवाल, वॉर्डात हलवायला माणूस किंवा रुग्णवाहिका यांची वाट पाहण्यात, म्हणून आधी ही वाट कमी करावी. मात्र केवळ सरासरीवर नियोजन करू नये. आठवडी बाजाराचा दिवस, लग्नसराई, जुलै-ऑगस्टमधील सर्पदंश आणि पावसाळ्यानंतरचा हिवताप यांचे उंचवटे नोंदवहीत वेगळे दिसतात, आणि जागा, माणसे व औषधे त्या उंचवट्यांसाठी ठेवायची असतात.

पायरी दुसरी: दारातच निवड आणि एक लाल खोली

पहिल्या तीन महिन्यांत, जवळपास पैसे न लागता, करण्याजोगे सर्वांत मोठे काम म्हणजे आलेल्या प्रत्येक रुग्णाची दारातच तीव्रतेनुसार निवड करणे. केसपेपर नंतर, नजर आधी. जागतिक आरोग्य संघटनेने रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीसह तयार केलेली लाल-पिवळ्या-हिरव्या गटांची पद्धत छोट्या रुग्णालयाला पेलणारी आहे: लाल म्हणजे लगेच उपचार, पिवळा म्हणजे लवकर, हिरवा म्हणजे थांबू शकणारा. श्वास अडकणे किंवा धाप, थंडगार हातपाय व मंद नाडी किंवा फार वेगवान नाडी, बेशुद्धी, चालू असलेले झटके, न थांबणारा रक्तस्राव यांपैकी काहीही दिसले की रुग्ण लाल. आदिवासी भागासाठी या यादीत काही भर घालावी असे माझे स्पष्ट मत आहे. साप चावल्याचा नुसता संशय असलेला रुग्ण कधीही हिरव्या गटात जाऊ नये. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णाला ताप, छातीत दुखणे किंवा धाप असेल तर तो लाल. गरोदर किंवा नुकतीच बाळंत झालेली स्त्री रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी किंवा अंधारी घेऊन आली तर ती लाल. आणि सुस्त पडलेले, अंगावर सूज असलेले किंवा हाडे दिसणारे बालकही लाल.

हे काम प्रशिक्षित परिचारिकेने करावे आणि लाल ठरवण्याचा तिचा अधिकार डॉक्टरांनी मान्य करावा. ‘सिस्टरने लाल म्हटले की डॉक्टर उठतात’ हा नियम लेखी काढून भिंतीवर लावावा. पाड्यावरचा माणूस रांगेत पुढे सरकण्यासाठी ओरडत नाही. पुष्कळदा तो कोपऱ्यात गप्प बसून राहतो, आणि त्याच्या गप्पपणाला सौम्य आजार समजले जाते. दारात थांबून पाहणारे कोणी असेल तर ही चूक टळते.

लाल खोली प्रवेशद्वाराच्या अगदी जवळ असावी. दार स्ट्रेचर वळून आत येईल इतके रुंद, उतार पायऱ्यांऐवजी रॅम्पचा, रुग्णवाहिका थांबते तेथे छप्पर, आणि परिचारिकेच्या टेबलावरून सर्व खाटा दिसतील अशी मांडणी असावी. खोलीत ऑक्सिजन, सक्शन, हाताने दाबून श्वास देण्याच्या लहान-मोठ्या मापाच्या अंबू पिशव्या व मास्क, पल्स ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, नवजात बाळासाठी उष्णता देणारा वॉर्मर आणि औषधांची एक ट्रॉली असली की सुरुवात होते. ही ट्रॉली कुलूपबंद कपाटात ठेवू नये, कारण किल्ली बरोबर नको त्या वेळी सापडत नाही. त्याऐवजी प्लॅस्टिकचे तोडता येणारे सील लावावे आणि प्रत्येक पाळी बदलताना ते पाहून सही करावी.

पायरी तिसरी: आपल्या भागातील मृत्यूंसाठी पहिल्या तासाची तयारी

डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्यविषयक तज्ज्ञ समितीने २०१८मध्ये दिलेल्या अहवालात आदिवासी आरोग्याचे दहा प्रमुख प्रश्न सांगितले. त्यांत हिवताप, कुपोषण, बालमृत्यू, मातांचे आरोग्य, सिकलसेल आणि प्राण्यांचे दंश व अपघात यांचा समावेश आहे. शहरी रुग्णालयाची आपत्कालीन यादी हृदयविकार आणि पक्षाघातापासून सुरू होते. आपली यादी वरील नावांपासून सुरू व्हायला हवी, आणि या प्रत्येकासाठी एका पानाचा मराठी तक्ता लाल खोलीत असावा. पुढील मात्रा सध्याच्या प्रचलित मार्गदर्शक तत्त्वांनुसार आहेत. तक्ता भिंतीवर लावण्यापूर्वी वैद्यकीय अधीक्षकांनी तो ताज्या शासकीय सूचनांशी पडताळून त्यावर तारखेसह सही करावी.

सर्पदंशापासून सुरुवात करू. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर आपल्याकडची बहुगुणी प्रतिविष लस चालते. साप ओळखण्यात किंवा मारून आणायला सांगण्यात वेळ घालवू नये, लक्षणांवर उपचार करावेत. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही. ते पाहण्यासाठी स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग तिरकी करून पाहायची. रक्त पातळच राहिले तर विषबाधा आहे. या साध्या चाचणीसाठी प्रयोगशाळा उघडी असण्याची गरज नाही, फक्त काचेची नळी हवी, प्लॅस्टिकची नको. नाग आणि मण्यार यांचे विष स्नायू लुळे करते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश फारसा दुखत नाही, खूणही दिसत नाही, आणि पहाटे पोटदुखी, पापण्या जड होणे, गिळता न येणे अशा तक्रारींनी रुग्ण येतो; म्हणून पावसाळ्यात पहाटे पोटदुखीने आलेल्या प्रत्येकाच्या पापण्या पाहाव्यात. विषबाधेची लक्षणे दिसताच प्रतिविषाच्या १० कुप्या सलाईनमधून साधारण तासाभरात द्याव्यात. लहान मुलालाही मात्रा तेवढीच लागते, कारण सापाने सोडलेले विष मुलाचे वय पाहून कमी होत नाही. लस सुरू करण्यापूर्वी ॲड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवावे, आणि तीव्र ॲलर्जी दिसली तर प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत द्यावे. स्नायू लुळे पडत असतील तर ॲट्रोपिनसोबत निओस्टिग्मिन देऊन पाहावे. मण्यारीच्या दंशात त्याचा उपयोग कमी होतो.

खरी परीक्षा यापुढे असते. श्वास थांबू लागलेल्या रुग्णाचा जीव लसीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्याच्या फुफ्फुसांत हवा ढकलण्यावर अवलंबून असतो. व्हेंटिलेटर नसेल तर अंबू पिशवीने तासन्तास श्वास द्यावा लागतो, आणि त्यासाठी आळीपाळीने हात देणारी चार माणसे लागतात. कक्षसेवक, सफाई कर्मचारी, रुग्णवाहिकेचा चालक या सर्वांना अंबू पिशवी धरायला शिकवून ठेवणे ही मला या संपूर्ण मार्गदर्शिकेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची सूचना वाटते. साठ्याचा हिशेब रुग्णाच्या संख्येने करावा. एका गंभीर रुग्णाला वीस कुप्यांपर्यंत लागू शकतात, त्यामुळे ‘पन्नास कुप्या शिल्लक’ याचा अर्थ फक्त दोन-तीन गंभीर रुग्णांची सोय असा होतो. पावसाळ्याचा साठा मे महिन्यातच भरावा. केंद्र सरकारने २०२४मध्ये सर्पदंश प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून साठा मागताना त्याचा आधार घेता येतो.

बाळंतपणातील रक्तस्राव हा दुसरा मोठा विषय. आधीच रक्तक्षय असलेल्या स्त्रीला थोडा रक्तस्रावही झेपत नाही. अंदाजाने रक्त मोजल्यास ते नेहमी कमी वाटते, म्हणून मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी खाली लावावी. रक्तस्राव वाढला की गर्भाशयाचे मालीश, गर्भाशय आवळणारे ऑक्सिटोसिन, रक्तस्राव रोखणारे एक ग्रॅम ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, शिरेतून द्रव आणि जखम शोधणे ही कामे एकामागून एक न करता एकाच वेळी करावीत. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा उपयोग बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिल्यासच होतो. त्यामुळे ते प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि रुग्णवाहिकेतही असायला हवे. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते, आणि वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी ते निकामी झाले असण्याची शक्यता लक्षात घेऊन फ्रीजच्या तापमानाची रोज दोनदा नोंद करावी. झटके येणाऱ्या गरोदर स्त्रीसाठी मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा, म्हणजे ४ ग्रॅम शिरेतून सावकाश आणि प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम, रेफर करण्यापूर्वीच द्यावी.

सिकलसेलच्या रुग्णाबाबत कौशल्यापेक्षा वृत्तीची अडचण मोठी असते. वारंवार येणाऱ्या आणि वेदनाशामक मागणाऱ्या तरुणाकडे संशयाने पाहिले जाते. त्याची वेदना खरी आहे, आणि दारात आल्यापासून तासाभराच्या आत परिणामकारक वेदनाशामक, गरज असल्यास मॉर्फिन, मिळालेच पाहिजे, असा नियम असावा. ताप असेल तर अहवालाची वाट न पाहता प्रतिजैविक सुरू करावे. ऑक्सिजनचे प्रमाण घसरले आणि छाती भरली तर तो जीवघेणा टप्पा समजावा. रक्त देताना हिमोग्लोबिन १०च्या वर नेऊ नये, कारण रक्त दाट होऊन नवीन संकट उभे राहते. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली आणि तपासणीची कार्डे गावोगाव पोहोचत आहेत. आपत्कालीन कक्षात ‘कार्ड आहे का?’ हा प्रश्न नाव-गावाबरोबरच विचारावा.

तीव्र कुपोषित बालक आले तर नेहमीची सवय बाजूला ठेवावी लागते. त्याला झपाट्याने सलाईन लावले तर हृदयावर ताण येऊन ते दगावू शकते. शॉकमध्ये असेल तर किलोमागे १५ मिलिलिटर द्रव तासाभरात, तेही नाडी व श्वास सतत पाहत द्यावे. त्याआधी रक्तातील साखर पाहावी. ती ५४च्या खाली असेल आणि बाळ सुस्त असेल तर किलोमागे ५ मिलिलिटर १० टक्के ग्लुकोज शिरेतून द्यावे. मग बाळाला आईच्या छातीशी धरून ऊब द्यावी. तीव्र हिवतापात आर्टेसुनेटची पहिली मात्रा, किलोमागे २.४ मिलिग्रॅम आणि २० किलोखालील मुलांना किलोमागे ३ मिलिग्रॅम, लगेच द्यावी. पुढच्या मात्रा १२ व २४ तासांनी. कीटकनाशकाच्या विषबाधेसाठी ॲट्रोपिनचा भरपूर साठा ठेवावा, कारण छाती कोरडी होईपर्यंत मात्रा दुप्पट करत जावे लागते आणि एकाच रुग्णाला अनेक खोकी लागू शकतात.

पायरी चौथी: माणसे

एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायची तर आठवड्याला १६८ तास होतात. एक व्यक्ती आठवड्याला ४८ तास काम करते असे धरले तरी साडेतीन माणसे लागतात, आणि रजा, आजारपण, प्रशिक्षण धरून ती संख्या पाचच्या जवळ जाते. म्हणजे प्रत्येक पाळीत दोन परिचारिका हव्या असतील तर आपत्कालीन कक्षाच्या नावावर दहा परिचारिका हव्यात. हा हिशेब प्रस्तावात लिहावा, कारण ‘दोन परिचारिका मंजूर’ अशी नोंद वाचणाऱ्याला प्रश्न सुटल्यासारखा वाटतो.

आपत्कालीन कक्षाचा चमू स्थिर असावा. दर महिन्याला सर्वांना फिरवत ठेवले तर कोणीच तरबेज होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा मूलभूत आपत्कालीन उपचारांचा अभ्यासक्रम, जो २०१८मध्ये प्रसिद्ध झाला, काही दिवसांत पूर्ण होतो आणि डॉक्टर व परिचारिका एकत्र बसून शिकू शकतात. मात्र एकदा घेतलेले प्रशिक्षण काही महिन्यांत विरते. आठवड्यातून एकदा, शक्यतो रात्रपाळीत, पंधरा मिनिटांचा सराव करावा: बाहुलीला झटके आले आहेत, मॅग्नेशियम कुठे आहे, किती भरायचे, कोण फोन लावणार. ट्रॉलीत काय संपले आहे हे अशा सरावातच कळते.

बंधपत्रित आणि कंत्राटी डॉक्टर येतात आणि जातात. त्यांच्या जोरावर सेवा उभी राहत नाही, त्यांच्या मदतीने ती चालते. टिकाऊ आधार स्थानिक मुला-मुलींचा असतो. आश्रमशाळेतून बारावी झालेल्या मुलींना परिचर्या शिक्षणासाठी पाठवून परत त्याच तालुक्यात नोकरी देण्याची व्यवस्था चार-पाच वर्षांनी फळ देते, म्हणून ती पहिल्याच वर्षी सुरू करावी. बाहेरून येणाऱ्यांसाठी राहण्याजोगे निवासस्थान, पाणी आणि रात्री सुरक्षित येण्याजाण्याची सोय हा आपत्कालीन सेवेचाच खर्च समजावा.

पायरी पाचवी: ऑक्सिजन, वीज, रक्त

डी प्रकारच्या मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. एका रुग्णाला मिनिटाला १० लिटर आणि दोघांना प्रत्येकी ५ लिटर लागत असेल तर दिवसाला २८,८०० लिटर, म्हणजे चार सिलिंडर पुरत नाहीत, पाच लागतात. सिलिंडर भरून आणायला किती दिवस जातात त्याने या आकड्याला गुणावे, आणि पुरात रस्ता बंद राहण्याचे दिवस त्यात मिळवावेत. कोविडच्या काळात अनेक रुग्णालयांत हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे प्रकल्प बसले. आपला प्रकल्प चालू आहे का, शुद्धता किती, दुरुस्तीचा करार कोणाशी आहे, हे आजच पाहावे. जनरेटर सुरू होईपर्यंतचा अवधी सांभाळण्यासाठी लाल खोली, प्रसूतिगृह आणि लसींचा फ्रीज यांना स्वतंत्र इन्व्हर्टर द्यावा. सौरऊर्जेची जोड मिळाली तर उत्तम.

रक्त साठवणूक केंद्राशिवाय प्रसूतीची आणि अपघाताची सेवा अर्धीच राहते. त्यासाठी मातृ रक्तपेढीशी, म्हणजे रक्त पुरवणाऱ्या मोठ्या रक्तपेढीशी, करार, अन्न व औषध प्रशासनाची मान्यता, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि खास फ्रीज एवढे लागते. परवानगीला वेळ लागतो, म्हणून अर्ज इतर कामांसोबतच पुढे सरकवावा.

पायरी सहावी: भाषा, नातेवाईक आणि विश्वास

कोरकू, माडिया, पावरी किंवा भिली बोलणारी आजी वेदना कुठे आहे हे मराठीत नीट सांगू शकत नाही, आणि चुकीच्या उत्तरावर बरोबर उपचार होत नाहीत. प्रत्येक पाळीत स्थानिक भाषा बोलणारी, मानधन मिळणारी आणि गोपनीयतेचे प्रशिक्षण घेतलेली एक व्यक्ती आपत्कालीन कक्षात असावी. सोबतच्या शाळकरी मुलाला आईच्या बाळंतपणाविषयी विचारायला लावू नये. संमती घेतानाही कागदावर अंगठा घेण्यापूर्वी शस्त्रक्रिया का, कशी आणि न केल्यास काय, हे त्यांच्या भाषेत सांगून परत त्यांच्याकडून ऐकावे.

रुग्णासोबत दहा माणसे येतात. त्यांना गर्दी समजून बाहेर काढले तर रुग्णही त्यांच्यासोबत जातो. एका नातेवाइकाला रुग्णाजवळ बसू द्यावे आणि इतरांसाठी छप्पर, पाणी, शौचालय व स्वयंपाकाची जागा करावी. न सांगता निघून गेलेल्यांच्या घरी आशाताईंमार्फत चौकशी करावी. घरी राहिलेली लहान मुले, गुरे, पेरणी, परतीचे भाडे अशी कारणे पुढे येतात, आणि त्यांपैकी बऱ्याच कारणांवर उपाय करता येतो. एक कारण कोणी उघडपणे बोलत नाही: रुग्ण येथेच गेला तर देह गावी कसा न्यायचा. त्या भीतीने अत्यवस्थ माणसाला घरी नेले जाते. मृतदेह विनामूल्य गावापर्यंत पोहोचवण्याची खात्रीची सोय असेल आणि ती दाखल होतानाच सांगितली असेल तर जगू शकणारे काही रुग्ण रुग्णालयात थांबतील.

भुमका, पुजारी, भगत अशा पारंपरिक उपचारकांकडे रुग्ण आधी जातो हे गृहीत धरूनच योजना आखावी. त्यांना रुग्णालयात बोलवावे, लाल खोली दाखवावी, कोणती लक्षणे दिसताच रुग्ण पाठवायचा हे ठरवावे आणि त्यांनी पाठवलेल्या रुग्णाचा निरोप त्यांना परत द्यावा. पोट डागलेले बाळ घेऊन आलेल्या आईला दारात रागावू नये. ती पुढच्या वेळी उशीर करेल, किंवा येणारच नाही. उशिरा आल्याबद्दल बोलणे हा उपचाराचा भाग नाही, हे प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगावे.

पायरी सातवी: पाड्यापासून दारापर्यंत आणि दारापासून पुढे

१०८ क्रमांकाची सेवा महाराष्ट्रात २०१४पासून आहे, परंतु गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येते आणि तिथपर्यंत रुग्ण झोळीतून किंवा खाटेवरून आणावा लागतो. तालुक्याचा नकाशा घेऊन प्रत्येक पाड्यासाठी चार गोष्टी लिहाव्यात: मोबाईलची रेंज कुठे मिळते, रुग्ण कोण उचलतो, गाडी कुठपर्यंत येते आणि पावसाळ्यात कोणता ओढा आड येतो. सातपुड्यातील नर्मदाकाठच्या गावांसाठी बोट लागते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा मार्ग बंद होतो. अशा गावांतील जून ते सप्टेंबरमध्ये बाळंत होणाऱ्या स्त्रियांची यादी मे महिन्यातच करावी आणि त्यांना माहेरघरात, म्हणजे बाळंतपणापूर्वी आरोग्य केंद्राजवळ राहण्याच्या जागेत, आधीच आणून ठेवावे. तिच्यासोबत तिची लहान मुले व एक नातेवाईक राहू शकेल आणि त्यांना जेवण मिळेल, अशी व्यवस्था नसेल तर ती येणार नाही.

पुढे पाठवणे हा अपयशाचा भाग नाही, मात्र त्याला शिस्त हवी. निघण्यापूर्वी श्वासमार्ग, रक्तस्राव व झटके यांवर पहिला उपचार झालेला असावा. पुढच्या रुग्णालयातील डॉक्टरांशी बोलून त्यांचे नाव चिठ्ठीवर लिहावे. चिठ्ठीत काय झाले, काय आढळले, कोणते औषध किती वाजता दिले आणि आता काय हवे, एवढे असावे. गंभीर रुग्णासोबत प्रशिक्षित व्यक्ती आणि वाटेसाठी पुरेसा ऑक्सिजन असावा. मिनिटाला १० लिटर लागत असताना १,५०० लिटरचा छोटा सिलिंडर अडीच तासांत संपतो. पाठवलेल्या प्रत्येकाचे पुढे काय झाले हे दुसऱ्या दिवशी फोन करून विचारावे. परतीच्या प्रवासाची सोय पाठवतानाच सांगावी. अनोळखी शहरात अडकून पडण्याची भीती अनेकांना रेफर नाकारायला लावते.

पायरी आठवी: पैसा

आदिवासी उपयोजनेचा निधी, संविधानाच्या अनुच्छेद २७५(१) खालील अनुदान, राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा वार्षिक आराखडा, जिल्हा वार्षिक योजना, खाण असलेल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान आणि किरकोळ, तातडीच्या खरेदीसाठी रुग्ण कल्याण समिती, असे मार्ग आहेत. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांना नोंदवहीचे आकडे प्रत्यक्ष दाखवावेत. यंत्राच्या किमतीसोबत पाच वर्षांची देखभाल, सुटे भाग आणि चालवणारा माणूस यांचा खर्च एकाच प्रस्तावात मागावा. सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या प्रकरणात, खाट नसल्याचे सांगून अनेक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलेल्या जखमीला भरपाई देताना, तातडीचे उपचार हा अनुच्छेद २१मधील जगण्याच्या हक्काचा भाग असून निधीच्या टंचाईचे कारण सांगून राज्याला ही जबाबदारी टाळता येणार नाही, असे म्हटले आहे. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर हा आधार असू द्यावा.

पायरी नववी: दर आठवड्याचा आढावा

आठवड्यातून एकदा तासभर सर्वांनी बसावे. सफाई कर्मचारी आणि दुभाषाही त्यात असावेत. लाल रुग्णाला दारातून पहिल्या उपचारापर्यंत लागलेली मिनिटे, सर्पदंशात लस सुरू होईपर्यंतचा वेळ, सिकलसेलमध्ये वेदनाशामकापर्यंतचा वेळ, पुढे पाठवलेले, न सांगता गेलेले आणि मृत्यू, एवढेच आकडे फळ्यावर लिहावेत आणि दिवस व रात्र वेगळी दाखवावी. प्रत्येक मृत्यूची चर्चा दोषी शोधण्यासाठी न करता, नेमकी कोणती गोष्ट त्या वेळी हाताशी नव्हती हे शोधण्यासाठी करावी, अन्यथा पुढच्या वेळी वेळा बदलून लिहिल्या जातील. तीन महिन्यांतून एकदा हेच आकडे ग्रामसभांच्या प्रतिनिधींसमोर त्यांच्या भाषेत ठेवावेत आणि त्यांच्या तक्रारी नोंदवून घ्याव्यात.

लाल रुग्णाला रात्रीही दिवसाइतक्याच लवकर उपचार मिळू लागले, वाट पाहण्यातला वेळ शक्य तितका कमी झाला आणि तरीही सलग दोन-तीन महिने लाल व पिवळ्या गटांतील रुग्णांना स्ट्रेचरवर किंवा जमिनीवर ठेवावे लागत असेल, तर खाटा वाढवण्याचा प्रस्ताव पाठवावा. त्या वेळी नोंदवहीतील तासागणिक आकडे, पाळीनिहाय माणसांचा हिशेब आणि ऑक्सिजनची दैनंदिन गरज ही तीन पाने प्रस्तावाला जोडावीत आणि नव्या खाटांसोबत त्यांच्यासाठी लागणाऱ्या परिचारिकांची पदे त्याच आदेशात मंजूर करून घ्यावीत.